डोक्याचा मुका मार लांबला तर: घरच्यांना पडणारे प्रश्न

माझी लेक कबड्डी खेळते. मागच्या डिसेंबरात सरावात पकड करताना समोरच्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. रक्त आलं नाही, टेंगूळ दोन दिवसांत ओसरलं. डोकेदुखी मात्र साडेचार महिने राहिली. तेव्हा ती वीस वर्षांची होती, टीवाय बीकॉमला. आम्ही दादरला राहतो. त्या महिन्यांत ज्या प्रश्नांनी माझी झोप उडवली होती, तेच आता ओळखीतल्या आया फोन करून विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. तिच्या डॉक्टरांकडून आणि फिजिओथेरपिस्टकडून जे शिकले आणि घरात जे पाहिलं, ते इथे आहे. तुमच्या मुलाचं काय करायचं ते त्याला तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. मग डोकं अजून का दुखतं?

सीटी स्कॅनमध्ये कवटीला चीर आहे का, आत रक्तस्राव आहे का, हे बघतात. कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याच्या अशा मुक्या मारात, बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. डोक्याला हिसका बसला की कवटीच्या आत मेंदू हलतो, पेशींचे नाजूक तंतू ताणले जातात आणि क्षारांचं गणित बिघडतं. पोटॅशियम पेशीबाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ते पुन्हा जागेवर आणायला पेशींना जास्त साखर लागते, आणि नेमका तेव्हाच मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. घरात खर्च वाढावा आणि त्याच महिन्यात पगार अर्धा यावा, तशी मेंदूची ओढाताण होते. स्कॅनच्या चित्रात हे उमटत नाही.

बहुतेकांची ही घडी काही आठवड्यांत बसते. ज्यांचं दुखणं लांबतं, त्यांच्यात बरेचदा आणखी काही गुंतलेलं असतं: मान आखडलेली असते, आतल्या कानाचा तोल बिघडलेला असतो, वाचताना दोन्ही डोळे जवळच्या अक्षरावर नीट एकत्र येत नाहीत, झोप मोडलेली असते, मायग्रेन उफाळलेला असतो किंवा मनात भीती बसलेली असते. माझ्या लेकीच्या डोकेदुखीत मानेचा वाटा मोठा निघाला. ते कळायला आम्हाला सात आठवडे लागले, कारण तोवर कोणी मानेला हातच लावला नव्हता. यातल्या प्रत्येक गोष्टीवर वेगळा उपचार आहे. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी जा" एवढ्यावर थांबू नका.

शुद्ध हरपली नव्हती. तरी कन्कशन असू शकतं?

हो. बहुतेकांची शुद्ध हरपत नाही. डोक्यालाच थेट मार लागला पाहिजे असंही नाही. अंगाला जोरात धक्का बसून डोकं झटक्याने हललं तरी होतं.

लगेच हॉस्पिटलला कधी न्यायचं?

डोकेदुखी सारखी वाढत चालली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, फिट आली, बोलणं अडखळायला लागलं, हात किंवा पाय लुळा वाटला, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं किंवा रक्त आलं, माणसं ओळखेनाशी झाली, हलवूनही जाग येत नसली, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या माराकडेही दुर्लक्ष नको. पहिले एक-दोन दिवस सोबत कोणीतरी हवंच. पेइंग गेस्ट किंवा हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे विशेष सांगते, कारण तिथे रूममेट कामावर गेली की पोर दिवसभर एकटी असते.

झोपू द्यायचं की जागं ठेवायचं?

डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर झोपू द्या. मेंदूला झोप हवी असते. रात्री उठवून बघायचं का, आणि किती वेळा, हे घरी निघतानाच त्यांना विचारून घ्या.

किती दिवसांत बरं वाटतं?

मोठ्या माणसांपैकी बऱ्याच जणांना दोन आठवड्यांत, किशोरवयीन मुलांना साधारण चार आठवड्यांत. खेळातल्या कन्कशनवर जगभरातल्या तज्ज्ञांची २०२२ साली ॲमस्टरडॅमला परिषद झाली. तिच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निवेदनात चार आठवड्यांपलीकडे राहणाऱ्या त्रासाला लांबलेली लक्षणं म्हटलं आहे. चार आठवडे उलटले म्हणजे मेंदूचं कायमचं नुकसान झालं, असा याचा अर्थ नाही. नुसती वाट बघणं आता पुरे, नीट तपासणी करून उपचार सुरू करायची वेळ झाली, एवढाच अर्थ. आधी मायग्रेन, चिंता किंवा नैराश्य असेल, पूर्वीही कन्कशन झालं असेल, किंवा पहिल्या दिवसांतच त्रास खूप जास्त असेल, तर बरं व्हायला वेळ लागू शकतो. हे सगळं डॉक्टरांना आपणहून सांगा.

अंधाऱ्या खोलीत पूर्ण विश्रांती द्यायची ना?

हीच चूक मी केली. पडदे ओढले, टीव्ही बंद, मैत्रिणींना येऊ दिलं नाही, जेवणाचं ताटसुद्धा पलंगावर. तीन आठवड्यांनी माझी धावणारी मुलगी बाथरूमपर्यंत गेली तरी दमत होती, दिवसा झोपत होती आणि रात्री छताकडे बघत पडत होती.

विश्रांती पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास, आणि तीही पूर्ण नाही. घरातल्या घरात चालणं-फिरणं तेव्हाही चालतं. त्यानंतर हळूहळू हालचाल वाढवायची असते. अमेरिकेतल्या बफेलोच्या संशोधकांनी २०१९ साली किशोरवयीन खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्रास उफाळणार नाही इतपत बेताचा, दम वाढवणारा व्यायाम ज्यांना रोज दिला, ते साधारण १३ दिवसांत बरे झाले. नुसते स्ट्रेचिंग करणाऱ्यांना १७ दिवस लागले. लांबलेल्या दुखण्यातही हाच धागा धरतात: व्यायाम औषधासारखा, मात्रा ठरवून.

मात्रा कशी ठरवायची? आम्हाला फिजिओथेरपिस्टने साधा नियम दिला. काही सुरू करण्याआधी त्रासाला शून्य ते दहा असे गुण द्यायचे. करताना त्रास दोन गुणांपर्यंत वाढला आणि तासाभरात खाली आला तर चालेल. त्याहून जास्त वाढला, किंवा तासाभरानंतरही उतरला नाही, तर तिथेच थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी थोडं कमी करायचं. पूर्ण बंद करायचं नाही.

आम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्यापासून सुरुवात केली. पूर्ण फेरी एक किलोमीटरहून थोडी जास्त भरते. पहिल्या दिवशी ती पाव फेरी चालली आणि कट्ट्यावर बसली. मी वहीत लिहिलं: "सकाळी ६.४०. आधी ३, नंतर ५, पाऊण तासाने ३." सकाळी लवकर जायचो, कारण नंतर क्रिकेटचे सराव सुरू होतात आणि बॅटच्या प्रत्येक टोल्याला ती दचकायची. पाव फेरीवरून दोन फेऱ्यांवर यायला पाच आठवडे लागले. मधे एकदा मावसभावाच्या साखरपुड्याला गेलो आणि पुढचे चार दिवस परत पाव फेरी. वही होती म्हणून ते चार दिवस निभावले. मागची पानं उलटून तिला दाखवता आलं की महिन्यापूर्वी हीच पाव फेरी किती जड गेली होती.

मोबाइल काढून घ्यायचा का?

पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत स्क्रीन कमी केल्याने फायदा होऊ शकतो. १२ ते २५ वर्षांच्या रुग्णांवरच्या २०२१ च्या अभ्यासात पहिले दोन दिवस स्क्रीनपासून दूर राहिलेल्यांचा त्रास साधारण साडेतीन दिवसांत थांबला, स्क्रीन वापरणाऱ्यांचा आठ दिवसांत. पण ही गोष्ट सुरुवातीची. दोन महिने मोबाइल काढून घेतलात तर विशीतलं पोर जगापासून तुटतं आणि त्याचा वेगळाच त्रास होतो. आम्ही वेळ बांधून दिली, उजेड कमी केला, अक्षर मोठं केलं. रील्स बंद ठेवल्या, कारण सतत सरकणाऱ्या चित्रांनी तिला मळमळायचं. मैत्रिणींचे व्हॉइस मेसेज मात्र पहिल्यापासून चालू ठेवले.

घर लहान आहे, आवाज कसा टाळायचा?

आमचं वन बीएचके. चौथ्या आठवड्यातल्या एका रविवारी मी वरण-भाताचा कुकर लावला होता. तिसऱ्या शिट्टीला ती फ्रिजला टेकून खाली बसली, दोन्ही तळवे कानांवर घट्ट, डोळ्यांतून पाणी. "आई, बंद कर ना ते." मी गॅस बंद केला. खरं सांगते, तोवर माझ्या मनात कुठेतरी होतं की ही थोडं वाढवून सांगते आहे. त्या दिवसापासून ते गेलं.

मग आम्ही छोटे बदल केले. भात पातेल्यात. मिक्सर ती फिरायला गेल्यावर. भांडी घासायच्या वेळी आतल्या खोलीचं दार बंद. ट्यूबलाइटऐवजी कोपऱ्यात पिवळा दिवा. भांडी घासणाऱ्या मावशींना मी समजावलं, तर त्या स्टीलचं ताट ओट्यावर ठेवतानाही खाली फडकं घालायला लागल्या. घरातल्या कितीतरी शिकलेल्या माणसांपेक्षा त्यांना ते लवकर कळलं.

यात एक धोका आहे. घरातही काळा चष्मा आणि दिवसभर कानात बोळे, असं चालू राहिलं की उजेड आणि आवाज उलट जास्तच खुपायला लागतात. चष्मा, बोळे बाहेरच्या गर्दीपुरते ठेवा आणि घरात आवाज थोडा-थोडा परत येऊ द्या. आम्ही शेवटी कुकरही परत आणला, आधी एका शिट्टीपुरता आणि तिला सांगून.

गणपती, नवरात्र, लग्नाच्या वराती या दिवसांत चार दिवस नातेवाइकांकडे जाता आलं तर जा. नियमाप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे, सणांच्या ठरावीक दिवशी १२ पर्यंत सूट असते. त्यापुढे चालला तर ११२ वर तक्रार करता येते. पण मंडळाचे कार्यकर्ते ओळखीचे असतील तर आधी जाऊन बोला. "घरात डोक्याला मार लागलेलं माणूस आहे" म्हटल्यावर आमच्या गल्लीतल्या मुलांनी स्पीकरचं तोंड फिरवलं.

लोकलने पाठवावं का?

लोकल म्हणजे तिच्या दुखण्याला नको ते सगळं एकाच डब्यात: गर्दीचा रेटा, घोषणा, खिडकीबाहेर सपासप मागे जाणारे खांब, हात वर करून कडं धरणं. सुरुवात दुपारच्या रिकाम्या वेळेत करा, साधारण ११ नंतर, आणि ४ च्या आत परत. एक-दोन स्टेशनं, सोबत कोणीतरी. धीम्या लोकलमध्ये बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. बसताना गाडीच्या दिशेला तोंड करून बसावं, बाहेर न बघता डब्यातल्या एका स्थिर जागेकडे बघावं. दारात उभं राहणं पूर्ण बंद. भोवळ कधी येईल सांगता येत नाही. मेट्रोने जाता येत असेल तर बरेच जण आधी मेट्रोच निवडतात.

स्कूटर किंवा बाइक डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय चालवू देऊ नका. या दिवसांत नजर आणि हात दोन्ही मंदावलेले असतात. मागे बसतानाही हेल्मेट.

कॉलेज आणि परीक्षेचं काय?

पूर्ण सोडू नका आणि एकदम पूर्ण सुरूही करू नका. पहिल्या आठवड्यात दोन लेक्चर, मधे बसायला शांत जागा, नोट्स मैत्रिणीच्या. लेकीचं वाचन वीस मिनिटांवर अडकलं होतं. वीस वाचायची आणि दहा डोळे मिटून पडायचं, असं घड्याळ लावून केलं. तिचा छोटा भाऊ तिला धडे वाचून दाखवायचा.

कॉलेजला लेखी अर्ज द्या, आणि लवकर द्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कोणी ऐकून घेत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसतं "डोक्याला इजा" नको, काय जमत नाही तेही लिहून घ्या: सलग किती वेळ वाचता येतं, उजेडाचा त्रास, मधे विश्रांतीची गरज. अर्जात जास्त वेळ, लेखनिक, वेगळी खोली, खिडकीपासून दूरची जागा यातलं काय हवं ते स्पष्ट मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. आमचा पहिला अर्ज कुठल्या टेबलावर हरवला ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या वेळी पोच होती म्हणून काम झालं.

दोन विषय राहिले तिचे. एटीकेटी लागली म्हणून ती दोन दिवस बोलली नाही. तिच्या बाबांनी तिच्याजवळ बसून एवढंच सांगितलं, "बेटा, ऑक्टोबरमध्ये दे. विषय कुठे जात नाहीत." ते विषय ऑक्टोबरमध्ये सुटले.

नोकरी करणारं मूल असेल तर?

आधी अर्धा दिवस किंवा घरून काम, मग वाढवत न्यायचं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असून ईएसआयचा (कामगार विमा योजनेचा) हप्ता कापला जात असेल तर आजारपणाच्या रजेत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.

ती सारखी चिडते, रडते. स्वभावच बदलला का?

चिडचिड, रडू येणं, घाबरं होणं ही कन्कशनचीच लक्षणं असू शकतात. शिवाय ज्या मुलीची ओळख चढाईपटू अशी होती, तिला चार महिने कोणी खेळाडू म्हणून हाक मारली नाही, याचं दुःख वेगळंच. तिच्या संघातल्या मुली शनिवारी घरी यायच्या, अर्धा तास बसायच्या, हळू आवाजात सामन्यांच्या गोष्टी सांगायच्या. कुठल्याही गोळीइतकाच त्याचा उपयोग झाला असं मी मानते.

चिडलेली असताना समजवायला जाऊ नका. पाणी द्या, खोलीतून बाहेर या, नंतर बोला. दोन आठवड्यांहून जास्त मन उदास असेल, कशातच रस उरला नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लाजू नका. १४४१६ ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. "मी नकोच होते", "कंटाळा आला जगण्याचा" असं काही तोंडून आलं तर त्याच दिवशी मदत घ्या आणि तिला एकटं सोडू नका.

नातेवाईक म्हणतात, नाटकं करते. काय उत्तर द्यायचं?

आमच्याकडेही झालं. "तोंडावर तर तेज आहे, हिला काय झालंय?" असं तिच्यासमोर म्हटलं गेलं. मी तेव्हा गप्प बसले, ते अजून सलतं. नंतर मी एकच वाक्य ठरवून ठेवलं: "मुका मार आहे, आतला आहे, डॉक्टरांचे उपचार चालू आहेत." मुका मार हा शब्द आपल्या माणसांना कळतो. पाठीचा मुका मार महिना-महिना ठणकतो हे प्रत्येक घराला माहीत आहे. डोक्याचाही ठणकतो, एवढं सांगितलं की अर्धी माणसं ऐकतात. उरलेल्यांचं येणं मी काही महिने थांबवलं.

ती सज्ञान आहे. मी किती लक्ष घालायचं?

मला सगळ्यात अवघड हेच गेलं. सुरुवातीला डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला मीच उत्तर द्यायचे. एकदा बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आई, डोकं माझं दुखतंय." तेव्हापासून तपासणीला बोलायचं तिने. मी वही घेऊन बाजूला बसायचे आणि तिला आठवलं नाही तरच तोंड उघडायचे. काही वेळ ती एकटी डॉक्टरांशी बोलायची, ते मी विचारलं नाही. "कसं वाटतंय?" हा प्रश्नही मी दिवसातून एकदाच ठेवला, संध्याकाळी वही लिहिताना. दर तासाला विचारलं की तिचं लक्ष दर तासाला दुखण्याकडेच जायचं. घरातली छोटी कामं मात्र तिच्याकडे परत दिली: कोथिंबीर निवडणं, तुळशीला पाणी.

डोकेदुखीच्या गोळ्या, तेल, ब्राह्मी?

दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नका. मार लागल्यावर लगेच ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळायला सांगतात, कारण रक्तस्राव वाढण्याची भीती असते. पुढे साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात १५ किंवा जास्त दिवस अशी काही महिने घेत राहिलं, तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकून राहते. वहीत गोळीचाही रकाना ठेवा. आजीने हलक्या हाताने डोक्याला तेल लावलं तर लावू द्या, बरं वाटतं. पण मान मोडून घेणं, कडकडा वाजवणं अजिबात नको. काढा, चूर्ण काही चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. दारू पूर्ण बंद. जेवण, पाणी, झोपेची वेळ ठरलेली. उपाशी राहिलं की डोकं उठतंच.

मुंबईत कोणाकडे जायचं?

सुरुवात न्यूरॉलॉजिस्टपासून. केईएम, सायन, नायर, जेजे या सार्वजनिक रुग्णालयांत त्यांची ओपीडी असते. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा, जुने रिपोर्ट आणि वही बरोबर न्या. रांगेत उभं राहायला घरातलं दुसरं माणूस असू द्या, पेशंटला बाजूला बसवा. चालणं, तोल, पुनर्वसनाचे व्यायाम यासाठी हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे.

कूस बदलली की काही सेकंद खोली गरगर फिरत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आतल्या कानातले बारीक कण जागा सोडतात त्याने असं होतं, आणि डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून ते कण परत जागी आणता येतात, कित्येकदा एका भेटीतच. वाचताना अक्षरं दोन दिसत असतील तर डोळ्यांचा नंबर नॉर्मल आहे म्हणून थांबू नका, दोन्ही डोळे एकत्र काम करतात का ते तपासायला सांगा.

पुन्हा खेळायला कधी?

त्रास असताना टक्कर होणारा खेळ नाही, मग निवड चाचणी असो की अंतिम सामना. बरं होण्याआधी पुन्हा मार बसला तर दुखणं कितीतरी लांबतं, आणि क्वचित मेंदूला जिवावर बेतणारी सूज येऊ शकते. परतीचे सहा टप्पे असतात: रोजची हालचाल, हलका व्यायाम, एकट्याने खेळाचा सराव, टक्कर नसलेला संघाचा सराव, पूर्ण सराव, सामना. प्रत्येक टप्प्याला किमान चोवीस तास. संघाबरोबरचा सराव त्रास पूर्ण थांबल्यावर आणि डॉक्टरांच्या परवानगीनेच. ती परवानगी लेखी घ्या आणि प्रशिक्षकांच्या हातात द्या.

लेकीला मे महिन्यात परवानगी मिळाली. पहिल्या आठवड्यात ती रिकाम्या मैदानावर एकटीच चढाई करत होती, समोर कोणी नाही, तोंडाने कबड्डी-कबड्डी. मी कडेला बसून वहीत वेळ लिहीत होते. आधी ०, नंतर ०.